बडतर्फ खलाशी आणि खाडीकाठचे कारागृह

ठाण्याच्या खाडीवरील ऐरोलीचा पूल ओलांडून मुंबईकडे जाणारा प्रवासी काही मिनिटांतच मुलुंडच्या हद्दीत पोहोचतो. दोन्ही अंगांना मिठागरे, तिवरांची दाटी आणि त्यांच्या पलीकडे उंच इमारतींच्या रांगा एवढेच त्याच्या नजरेस पडते. ह्याच मुलुंडात १९४६ च्या फेब्रुवारीअखेर हिंदी नौदलाच्या शेकडो तरुण खलाशांना सशस्त्र पहाऱ्यात आणून डांबले होते, ही गोष्ट त्याला वाटेत कोणी सांगत नाही. खाडीच्या अलीकडील तीरावर त्या वेळी ऐरोली, दिवे, घणसोली अशी आगरी-कोळ्यांची गावे होती, भाताची खाचरे होती आणि मासेमारीच्या होड्या होत्या. १९७० साली सिडकोची स्थापना होऊन ह्या गावांच्या जमिनींवर नवी मुंबई वसावयास अजून चोवीस वर्षांचा अवकाश होता. पुढे ह्याच नव्या शहराच्या दक्षिण भागात, खारघरच्या हद्दीत, २००८ साली तळोजा मध्यवर्ती कारागृह उभे राहिले. खाडीच्या एका काठावर मुलुंडची जुनी छावणी आणि दुसऱ्या काठावर तळोज्याचे नवे कारागृह, ह्या दोहोंच्या मध्ये साठ-बासष्ट वर्षांचा काळ गेला. परंतु ज्याने कधी काळी सरकारचा गणवेष अंगावर चढवला होता तो मनुष्य बंदीवासातून बाहेर पडला म्हणजे त्याने जावे कोठे आणि करावे काय, ह्या प्रश्नाचे उत्तर त्या काळात जितके धूसर होते तितकेच ते आजही राहिले आहे. त्या प्रश्नाचा पूर्वेतिहास चाळून पाहिला असता एक गोष्ट स्वच्छ दिसते, ती ही की अशा माणसाला सन्मान यथावकाश मिळाला, पण काम मिळण्याची निकड ज्या दिवशी होती त्या दिवशी सरकारदरबारी त्याचे नाव कोणत्याच वहीत नव्हते.

सन्मानाने निवृत्त झालेल्या शिपायाची गोष्ट निराळी होती, आणि ती कोकणाला नवी नव्हती. रत्नागिरी आणि कुलाबा ह्या दोन जिल्ह्यांनी कंपनीच्या मुंबई फौजेला पिढ्यान् पिढ्या माणसे पुरवली. पलटणीतून पेन्शन घेऊन परतलेला सुभेदार वा हवालदार गावात आला म्हणजे त्याच्या शब्दाला वजन येई, त्याची मुले शाळेत जात, आणि दरमहाच्या रोख तनख्यामुळे खोताच्या पुढे मान खाली घालण्याची त्याची गरज काही अंशी तरी कमी होई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे सैन्यातून निवृत्त झाल्यावर प्रथम दापोलीस राहिले आणि पुढे साताऱ्यास सार्वजनिक बांधकाम खात्यात कोठीवरील नोकरीस लागले, हे सर्वश्रुत आहे; सैनिकी पेशातून नागरी चाकरीत जाण्याची ती मळलेली वाट होती आणि तिच्यावरून शेकडो कुटुंबे पुढे गेली. पहिल्या महायुद्धानंतर परतणाऱ्या लाखो शिपायांची व्यवस्था पाहण्यासाठी १९१९ साली सैनिक मंडळ स्थापन झाले, त्याच्या हाताखाली जिल्ह्याजिल्ह्यांत मंडळे निघाली. आणि दुसरे महायुद्ध संपता संपता, १९४५ साली, सैन्यातून कमी होणाऱ्यांना काम मिळवून देण्यासाठीच देशात सेवायोजन कार्यालये उघडण्यात आली. आज ज्या कार्यालयाच्या दारात पदवीधर तरुण नाव नोंदवण्यास उभा राहतो ते मुळात रणांगणावरून परतलेल्या शिपायासाठी निर्माण झाले होते, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात राहिलेली नाही. ह्या सर्व व्यवस्थेची एक अट मात्र पहिल्यापासून होती: शिपाई चांगल्या वर्तनाचा दाखला घेऊन सुटलेला असला पाहिजे. ज्याच्या दाखल्यावर प्रतिकूल शेरा पडला, त्याला ही दारे उघडी नव्हती.

असा शेरा एकाच वेळी शेकडो तरुणांच्या कपाळी आला तो मुंबई बंदरात. युद्धापूर्वी हिंदी नौदलात जेमतेम दीड-दोन हजार खलाशी होते आणि त्यांत रत्नागिरीकडील दर्यावर्दी घराण्यांतील, विशेषतः कोकणी मुसलमानांतील, माणसांचा भरणा असे. युद्धाच्या सहा वर्षांत हा आकडा पंचवीस हजारांच्या पुढे गेला आणि पंजाब, बंगाल, मद्रास अशा सर्व प्रांतांतून शिकलेले, बिनतारी यंत्र हाताळू शकणारे तरुण नौदलात आले. भरतीच्या वेळी त्यांना भविष्याची गोड स्वप्ने दाखवण्यात आली होती. प्रत्यक्षात वाट्यास आले ते निकस अन्न, गोऱ्या खलाशांच्या मानाने तुटपुंजा पगार, वरिष्ठांची शिवीगाळ, आणि युद्ध संपताच नोकरी जाण्याची धास्ती. कुलाब्याच्या ‘तलवार’ ह्या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रात ही नाराजी प्रथम भिंतींवर उमटली. २ फेब्रुवारी १९४६ रोजी सरसेनापती ऑकिन्लेक ह्यांची भेट ठरली असता आदल्या रात्रीत तेथे ‘चले जाव’ आणि ‘जय हिंद’ ही अक्षरे रंगवली गेली, आणि बलाईचंद्र दत्त हा तेवीस वर्षांच्या आतबाहेरचा बंगाली तारयंत्री खडू आणि डिंकाच्या बाटलीसह पकडला गेला. एवढी मोठी साम्राज्यशाही नौसेना आणि तिच्याविरुद्ध पुराव्यादाखल जप्त झालेला ऐवज एवढासा. पण ह्या क्षुल्लक वस्तूंनीच त्याच्या आयुष्याची दिशा कायमची फिरवली.

१८ फेब्रुवारीस ‘तलवार’वरील सुमारे अकराशे खलाशांनी अन्न नाकारून संप पुकारला. पुढल्या दोन दिवसांत तो बंदरातील जहाजांवर, किनाऱ्यावरील बराकींत आणि थेट कराचीपर्यंत पोहोचला; एकूण ७८ जहाजे, २० किनारी ठाणी आणि सुमारे वीस हजार खलाशी त्यात सामील झाले असे मानले जाते. एम. एस. खान अध्यक्ष आणि मदनसिंग उपाध्यक्ष अशी मध्यवर्ती संपसमिती निवडली गेली, आणि एक मुसलमान व एक शीख ह्यांनी जोडीने केलेल्या ह्या नेतृत्वाचा पुढील दीड वर्षात घडलेल्या गोष्टींच्या पार्श्वभूमीवर विचार केला तर मन विषण्ण होते. नौदलप्रमुख ॲडमिरल गॉडफ्रे ह्यांनी आकाशवाणीवरून नौदलाचा सर्वनाश झाला तरी बेहत्तर अशा आशयाची धमकी दिली. २१ तारखेस फोर्टातील कॅसल बराकींपाशी गोळीबाराच्या फैरी झडल्या. २२ तारखेस मुंबईचा कामगार खलाशांच्या पाठिंब्यासाठी रस्त्यावर आला आणि त्या दोन-तीन दिवसांत लष्कराच्या व पोलिसांच्या गोळ्यांनी दोनशेहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले. परळ भागात मरण पावलेल्या कमल दोंदे ह्या त्यांपैकीच एक होत. सरदार पटेलांनी खलाशांना शरण जाण्याचा सल्ला दिला, कोणावर सूड उगवला जाऊ नये म्हणून काँग्रेस शक्य ते सारे करील असे आश्वासन दिले. जिनांनीही असाच सल्ला दिला. २३ फेब्रुवारीच्या पहाटे जहाजांवर काळी निशाणे चढली आणि संप संपला.

इतिहासाची पुस्तके बहुधा येथेच थांबतात, आणि आपल्या विषयाचा प्रारंभ नेमका येथून होतो. आश्वासनाची शाई वाळते न वाळते तोच धरपकड सुरू झाली. पुढारी आणि त्यांचे साथीदार वेगळे काढून मुलुंडच्या छावणीत नेण्यात आले, चौकश्या झाल्या, आणि अखेरीस एकंदर ४७६ खलाशी नौदलातून काढून टाकण्यात आले. पाटणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर सय्यद फझल अली ह्यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने अन्न, पगार, वागणूक आणि युद्धोत्तर भवितव्याची अनिश्चितता ह्यांविषयीच्या तक्रारींत बरेच तथ्य असल्याचे मान्य केले. आयोगाचा अहवाल १९४७ च्या आरंभी प्रसिद्ध झाला. परंतु तक्रार खरी ठरली म्हणून तक्रार करणाऱ्याची नोकरी परत आली, असे घडले नाही. पुढे देश स्वतंत्र झाला, फाळणी झाली, नौदलाचीही वाटणी झाली. आणि ह्या ४७६ जणांपैकी एकालाही ना भारताच्या नौदलाने परत घेतले, ना पाकिस्तानच्या. ज्या राज्यसत्तेविरुद्ध त्यांनी हात उगारला ती सत्ता गेली, तरी तिने दिलेली शिक्षा कायम राहिली. ह्याचे कारणही उघड आहे. नव्या सरकारला शिस्तबद्ध सेना हवी होती, आणि आज परक्याविरुद्ध उठलेला शिपाई उद्या आपल्याविरुद्ध उठणार नाही कशावरून, ही शंका सत्तेच्या खुर्चीत बसलेल्या कोणालाही सुटत नाही.

तुरुंगवास ही गोष्ट त्या काळच्या महाराष्ट्रात लांछनाची नव्हती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. आजच्या नवी मुंबईच्या दक्षिणेस, उरण तालुक्यातील चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला, गोळीबारात माणसे पडली आणि कित्येकांना कारावास भोगावा लागला; त्यांच्या स्मृतीस पंचक्रोशी आजही वंदन करते. असा सत्याग्रही सुटून आला की गाव वेशीवर सामोरे जाई. त्याने काय केले, कशासाठी केले आणि काय सोसले हे घराघरांत ठाऊक असे, त्याचे शेत भावकीने राखलेले असे, त्याच्या मुलांना कोणी हिणवीत नसे. मुलुंडहून सुटलेल्या खलाशाची स्थिती ह्याच्या नेमकी उलट होती. त्याने जे केले ते मुंबई बंदरात केले आणि त्याचे गाव होते पाचशे वा हजार कोसांवर. तेथे पोहोचणारी गोष्ट एवढीच, की सरकारी नोकरी लागलेला मुलगा नोकरीवरून काढून टाकला जाऊन घरी परत आला. त्याच्याजवळ जमीन राखणारी भावकी असली तरी दरमहा येणारी मनिऑर्डर आता येणार नव्हती. बंदिवान म्हणून त्याला गौरव नव्हता आणि सैनिक म्हणून त्याला निवृत्तिवेतन नव्हते. दोन्ही बाजूंनी जे मिळावयाचे त्याला तो मुकला होता.

त्याच सुमारास सैनिकी बंदिवानांचा दुसरा एक जथा देशापुढे होता, तो आझाद हिंद सेनेचा. आणि त्याच्या वाट्यास आलेली वागणूक तुलनेसाठी उद्बोधक आहे. ह्या सैनिकांची इंग्रज सरकारने पांढरे, करडे आणि काळे अशी प्रतवारी लावली होती. काळ्या यादीतल्यांना बडतर्फ करून त्यांचा थकलेला पगार जप्त केला गेला. परंतु लाल किल्ल्यातील खटल्याने सारा देश हलला, काँग्रेसने बचाव समिती नेमली, सरदार पटेलांच्या देखरेखीखाली साहाय्य समिती निघाली, गावोगाव निधी जमला आणि सुटून येणाऱ्या सैनिकांच्या स्वागताच्या मिरवणुका निघाल्या. खलाशांसाठी अशी देशव्यापी समिती उभी राहिली नाही. आझाद हिंद सेनेतील माणसांनाही स्वतंत्र भारताच्या लष्करात परत घेतले नाही हे खरे, तथापि नागरी जीवनातील दारे त्यांना मोकळी झाली. सावंतवाडी संस्थानातील तिरोड्याचे जगन्नाथराव भोसले हे त्याचे ठळक उदाहरण होय. मराठा पलटणीचे हे अधिकारी सिंगापूरच्या पाडावानंतर आझाद हिंद सेनेत जाऊन मेजर जनरलच्या हुद्द्यास चढले, युद्ध संपल्यावर लाल किल्ल्यात बंदिवान झाले, सुटले, १९५२ साली रत्नागिरीकडून लोकसभेवर निवडून आले आणि नेहरूंच्या सरकारात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. ज्याचे स्वतःचे पुनर्वसन व्हावयाचे होते त्याच्याकडे फाळणीतून आलेल्या निर्वासितांच्या पुनर्वसनाचे काम आले! निर्वासितांच्या पोरक्या मुलांना शिस्त आणि उमेद द्यावी म्हणून त्यांनी १९५४ मध्ये राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. मुंबईत मंत्रालयाजवळच्या रस्त्यास आज त्यांचे नाव आहे. मात्र जनरलला जे साधले ते शिपायाला साधेलच असे नाही. शिक्षण, इंग्रजीचा सराव, ओळखीपाळखी आणि वर्तमानपत्रांतून झालेले नाव ही जनरलची शिदोरी होती, आणि मुलुंडच्या छावणीतून बाहेर पडणाऱ्या वीस वर्षांच्या तारयंत्र्यापाशी तिच्यातले फारसे काही नव्हते.

तरीही ज्यांना आधार मिळाला त्यांना तो कोठून मिळाला हे पाहण्याजोगे आहे. बलाईचंद्र दत्तांना तो एका वर्तमानपत्राने दिला. स्वामिनाथन सदानंदांचे ‘फ्री प्रेस जर्नल’ हे राष्ट्रीय बाण्याचे इंग्रजी दैनिक, ज्याचे मराठी भावंड ‘नवशक्ती’ वाचकांच्या परिचयाचे आहे, संपाच्या दिवसांत खलाशांची बाजू मांडत होते. बडतर्फ झालेल्या दत्तांना त्याच पत्राने आपल्या कचेरीत जागा दिली. संदेशवहनाचे शिक्षण घेतलेला, शब्द मोजून पाठवण्याची सवय अंगी बाणलेला तरुण वार्ताहर म्हणून उपयोगी पडावा, ह्यात नवल नाही. पुढे ते लिंटास ह्या जाहिरातसंस्थेत गेले, मुंबईतच स्थायिक झाले, आणि आपल्या बंडाची हकीकत त्यांनी १९७१ साली इंग्रजी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ह्या साऱ्या प्रवासात सरकारच्या कोणत्याही योजनेचा हात नव्हता. एका संपादकाने, शेऱ्याकडे पाहून नव्हे तर समोर बसलेल्या माणसाकडे पाहून, त्याला नोकरीवर घेतले. पुनर्वसन म्हणून जे काही झाले ते एवढेच आणि एवढ्यानेच झाले. ज्यांना असा सदानंद भेटला नाही त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत, आणि ती ठाऊक नसणे हाच त्यांच्या गोष्टीचा शेवट आहे.

सरकारची आठवण जागी झाली ती स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात. १९७२ च्या १५ ऑगस्टपासून केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन देण्याची योजना सुरू केली, आणि तिच्या मान्यताप्राप्त लढ्यांच्या यादीत आझाद हिंद सेनेबरोबर नौदलाच्या उठावाचाही समावेश झाला. योजनेचे नियम सत्याग्रह्यांचा अनुभव डोळ्यांपुढे ठेवून केलेले होते: साधारणतः सहा महिन्यांचा कारावास हवा, त्याचा तुरुंगाचा दाखला हवा, आणि दप्तर नष्ट झाले असेल तर त्याच तुरुंगात असलेल्या दुसऱ्या मान्यवर बंद्याचे प्रमाणपत्र हवे. ज्यांनी लढ्यापायी सरकारी नोकरी गमावली त्यांच्यासाठीही तरतूद होती, पण तेथेही पुरावा लागेच. येरवड्याच्या वा ठाण्याच्या तुरुंगात राहिलेल्या सत्याग्रह्यास सहबंदी शोधणे सोपे होते. तो शेजारच्याच तालुक्यात राही आणि बहुधा काँग्रेसच्या सभेत भेटे. खलाशाचा सहबंदी मात्र लुधियान्याचा, चितगावचा वा मलबारचा असे. फाळणीनंतर त्यांतील कित्येक जण परदेशस्थ झाले होते, आणि छावणीचे दप्तर तुरुंग खात्याचे नसून नौदलाचे होते. विसाव्या वर्षी बडतर्फ झालेला माणूस ह्या वेळी सेहेचाळीस वर्षांचा झालेला होता. त्याची मुले वाढली होती, आयुष्यातली कष्टाची वर्षे सरत आली होती. दरमहा २०० रुपयांचे वेतन आणि ताम्रपट ह्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही, कारण गावातल्या ज्या लोकांनी त्याला नोकरीवरून काढलेला म्हणून ओळखले होते त्यांच्या देखत त्याचा गौरव झाला. परंतु सव्वीस वर्षांनी आलेल्या गौरवाने मधली सव्वीस वर्षे भरून निघत नाहीत. पुढे नौदलानेही आपल्या दोन ओढबोटींना बी. सी. दत्त आणि मदनसिंग ही नावे दिली, आणि कुलाब्यात उठावाचे स्मारक झाले. ज्या नौदलाने त्यांना परत घेतले नाही त्याच नौदलाची मोठी जहाजे आता त्यांच्या नावाच्या बोटी ओढून धक्क्याला लावू लागल्या.

सैनिकांच्या ह्या कथेच्या शेजारून दुसरा एक प्रवाह वाहत होता, तो सामान्य कैद्यांच्या सुधारणेचा, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा अभिमान वाटावा असा आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन ह्यांनी १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही मुक्त वसाहत वसवली. खुनाची शिक्षा झालेले कैदी तेथे बेड्यांविना, कुटुंबासह राहून शेती करू लागले, आणि व्ही. शांताराम ह्यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ ह्या १९५७ च्या चित्रपटाची प्रेरणा तीच. मुंबई प्रांताने १९३८ सालीच परिवीक्षेचा कायदा केला होता. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत परिवीक्षा व अनुरक्षण संघटना निघाल्या, आणि १९९० पासून टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ ह्या प्रकल्पाचे कार्यकर्ते मुंबई-ठाण्याच्या तुरुंगांत बंद्यांच्या वकिलापासून सुटकेनंतरच्या नोकरीपर्यंतचे सारे काम पाहू लागले. ह्या कामात मुरलेली माणसे एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगतात: सुटलेल्या माणसाचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात. शिधापत्रिका आणि आधारकार्ड सापडत नाही, भाड्याने खोली मिळत नाही, नोकरीच्या अर्जात मागील वर्षांचा हिशेब द्यावा लागतो, आणि घरचे लोक प्रेमाने दार उघडतात पण शेजारच्यांना काय सांगावे ह्या विवंचनेत असतात.

आता हे दोन प्रवाह जेथे मिळावयास हवेत त्या ठिकाणाकडे, म्हणजे तळोज्याकडे वळू. सिडकोने वसवलेल्या एकाच खारघरात नौदल आणि वायुदलाच्या लोकांसाठी बांधलेली ‘जलवायू विहार’ ही वसाहत आहे आणि दोन हजारांहून अधिक बंद्यांची क्षमता असलेले मध्यवर्ती कारागृहही आहे. परंतु ह्या दोहोंना जोडणारा रस्ता शासनाच्या नकाशावर नाही. कारागृह गृह विभागाचे. सुटलेल्या कैद्याची परिवीक्षा आणि स्वयंरोजगारासाठीचे अल्प अर्थसाहाय्य महिला व बालविकास विभागाकडे. माजी सैनिकांचे कल्याण सामान्य प्रशासन विभागाच्या अखत्यारीत, आणि त्याचे जिल्हा कार्यालय, खारघर रायगड जिल्ह्यात मोडत असल्यामुळे, अलिबागेस. त्यातही, लष्करी न्यायालयाने कारावासासह बडतर्फीची शिक्षा दिलेला शिपाई नागरी तुरुंगात पाठवला जाऊ शकतो, अधिकाऱ्यास कारावास द्यावयाचा तर त्याचे पद आधी काढून घ्यावे लागते, आणि गैरवर्तनामुळे बडतर्फ झालेला मनुष्य ‘माजी सैनिक’ ह्या व्याख्येतच बसत नाही. निवृत्तिवेतनाचा त्याचा हक्क संपतो. राष्ट्रपतींच्या विशेष मंजुरीने काही अंश मिळाला तर ती कृपा समजावी. अर्थात सैनिक कल्याण कार्यालयाच्या दृष्टीने तो सैनिक नव्हे, आणि परिवीक्षा अधिकाऱ्याच्या दृष्टीने तो इतर कैद्यांसारखाच एक कैदी. १९४६ च्या खलाशाची जी कोंडी झाली तिचाच हा कायदेशीर, शिक्क्यानिशी पक्का झालेला अवतार आहे.

बडतर्फी हा ह्या प्रश्नाचा खरा कणा आहे हे तळोज्यातच घडलेल्या एका प्रसंगावरून ध्यानात येते. २९ सप्टेंबर २००८ रोजी मालेगावात स्फोट होऊन सहा माणसे मृत्युमुखी पडली. त्या खटल्यात लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित ह्यांना नोव्हेंबर २००८ मध्ये अटक झाली, आणि जवळपास नऊ वर्षे कोठडीत काढल्यानंतर ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या जामिनावर ते तळोजा कारागृहातून बाहेर पडले. ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने त्या खटल्यातील सातही आरोपींना निर्दोष सोडले. खटल्याच्या गुणदोषांची आणि ज्यांची माणसे गेली त्यांच्या न्यायाच्या प्रतीक्षेची चर्चा हा ह्या लेखाचा विषय नव्हे. आपल्यापुरता मुद्दा एवढाच, की ते निलंबित होते पण बडतर्फ झालेले नव्हते. म्हणून कारागृहाच्या दारात लष्कराची वाहने उभी होती आणि सुटकेनंतर ते आपल्या दलात रुजू होऊ शकले. ज्याचा सेवेशी धागा तुटलेला नाही त्याला नऊ वर्षांनीही परतण्यास एक ठिकाण असते. ज्याचा तो पहिल्याच दिवशी कापला गेला, त्याला सहा महिन्यांनीही नसते. कारावासाची लांबी ह्या हिशेबात दुय्यम ठरते.

परदेशांत ह्या प्रश्नाकडे पाहण्याची एक निराळी रीत अलीकडे रूढ झाली आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील बफलो शहरी न्यायाधीश रॉबर्ट रसेल ह्यांनी २००८ साली माजी सैनिकांसाठी स्वतंत्र उपचार-न्यायालय सुरू केले. युद्धाच्या मानसिक आघातातून वा व्यसनातून गुन्ह्याकडे वळलेल्या सैनिकास तेथे उपचारांच्या देखरेखीखाली ठेवतात, आणि त्याच्या शेजारी बसवतात ते दुसऱ्या एका माजी सैनिकास, कारण पलटणीची भाषा पलटणीतल्यालाच कळते. ह्या कल्पनेचा गाभा आपल्याला परका नाही. कोकणातील जुना पेन्शनर हवालदार गावात नव्याने परतलेल्या शिपायाला शेतीत, नोकरीत आणि दारूपासून दूर राखण्यात हेच साहाय्य करीत असे. फरक इतकाच की त्याच्या परोपकाराला कार्यालय नव्हते, आणि गुन्हा करून आलेल्याकडे तो पाठ फिरवी.

आपल्याकडे ह्यासाठी नवे खाते काढण्याचे कारण नाही. कारागृहात दाखल होणाऱ्या प्रत्येक बंद्याच्या नोंदवहीत त्याच्या पूर्वीच्या सैनिकी सेवेची नोंद घेणे, सुटकेच्या काही महिने आधी परिवीक्षा अधिकाऱ्याने आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने त्याची एकत्र भेट घेणे, आणि खारघर-पनवेल भागात राहणाऱ्या निवृत्त सैनिकांपैकी इच्छुकांना त्याचे पाठीराखे म्हणून नेमणे, एवढे झाले तरी मोठा पल्ला गाठता येईल. बडतर्फ माणसाला निवृत्तिवेतन द्यावे की नाही हा वेगळा वाद आहे आणि तो संसदेने करावा. पण त्याला वाहनचालकाचे, वीजतंत्रीचे वा रखवालदाराचे काम मिळवून देण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. सैन्यात शिकलेले यंत्रज्ञान, वेळेचे भान आणि हुकूम पाळण्याची सवय ही बडतर्फीच्या हुकमाने नाहीशी होत नाहीत. न्हावाशेव्याच्या बंदरापासून तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत अशा हातांना काम देणाऱ्या गोदामांची आणि कारखान्यांची ह्या शहरात वाण नाही. वाण आहे ती १९४६ च्या त्या संपादकासारख्या, पुढील पंचवीस वर्षांत सरकार काय म्हणेल ह्याची वाट न पाहता, समोर आलेल्या माणसाला उद्यापासून कामावर या असे सांगणाऱ्या मालकांची.